बॉक्स का गेला?

गाडीचा गिअरबॉक्स गेला म्हटलं की माणूस दोन गोष्टी विचारतो. किती लागतील, आणि गाडी कधी मिळेल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मुलांच्या फिया, घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स हे सगळं सांभाळून ज्याला गाडी चालवायची आहे त्याला आधी तेच सुचणार. पण नवा बॉक्स टाकायचा की आहे तोच खोलून बांधून घ्यायचा हा निर्णय केवळ या दोन उत्तरांवर घेतला तर तो फसण्याचीच शक्यता जास्त, असं माझं आता ठाम मत झालं आहे. कारण त्याआधी विचारायचा प्रश्न तसाच राहतो: बॉक्स गेला का?

आमची गाडी दहा वर्षं ओलांडलेली, मॅन्युअल गिअरची, छोटी हॅचबॅक. भांडुपहून अंधेरीला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने रोजचं येणं-जाणं. त्या रस्त्यावर पहिला-दुसरा, पुन्हा पहिला, क्वचित तिसरा, असा हात सारखा दांड्यावर असतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना एक बारीक गूं-गूं ऐकू येऊ लागली. क्लच दाबला की ती थांबायची, सोडला की पुन्हा सुरू. मग काही दिवसांनी तिसरा पडताना ‘खर्र’ व्हायला लागलं. पहिला, दुसरा, चौथा बिनतक्रार. तिसराच तेवढा कुरकुरायचा.

अधिकृत वर्कशॉपमधल्या तरुणाने गाडी चालवून पाहिली आणि नीट, आदबीने सांगितलं, "मॅडम, बॉक्स आम्ही इथे खोलत नाही. असेंब्ली मागवतो, असेंब्ली बसवतो." असेंब्ली म्हणजे सबंध नवा बॉक्स. आकडा गाडीच्या त्या वेळच्या बाजारभावाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा होता. त्याच्यावर माझा राग नाही. सीलबंद आलेला नवा बॉक्स बसवला की वर्कशॉपला वॉरंटी देता येते, गाडी ठरल्या दिवशी सोडता येते, आणि बॉक्स बांधण्यात मुरलेला माणूस पगारावर ठेवावा लागत नाही. त्यांच्या बाजूने हिशेब चोख आहे. पण "हा गेला कशामुळे?" या प्रश्नावर तो तरुण गप्प झाला. जे उघडायचंच नाही त्याच्याबद्दल तो काय सांगणार?

माझे नानाकाका रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांना फोन केला तर त्यांनी आकडा विचारलाच नाही. "खोललं का कुणी?" एवढंच म्हणाले. नाही म्हटल्यावर, "मग निदान झालेलंच नाहीये अजून. थांब जरा."

काकांचं सगळं आयुष्य खोलण्या-बांधण्यात गेलं. माटुंग्याचा तो कारखाना १९१५ सालचा. मध्य रेल्वेची लोकल ठरावीक मुदतीने तिथे पीओएचला, म्हणजे पूर्ण ओव्हरहॉलला जाते; पश्चिम रेल्वेची महालक्ष्मीला. डबा उचलतात, बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा, खालून बाहेर काढतात, खोलतात, धुतात, मोजतात, झिजलेलं बदलतात. काकांनी मला एक गोष्ट समजावली ती मनात पक्की बसली. डब्याखालून निघालेली बोगी दुरुस्त होईपर्यंत डबा तसाच ताटकळत ठेवायचा नसेल, तर आधी बांधून तयार असलेली बोगी त्याखाली घालतात आणि काढलेली बोगी फुरसतीने बांधून पुढच्या डब्यासाठी ठेवतात. म्हणजे डब्याच्या दृष्टीने ती बदलली आणि बोगीच्या दृष्टीने ती दुरुस्त झाली. बदलणं आणि बांधणं ही दोन टोकं आहेत असं आपण धरून चालतो; मोठ्या कारखान्यांत ती एकाच कामाची दोन अंगं असतात. ट्रकवाल्यांना ही सोय आजही आहे. टाटा मोटर्स ‘प्रोलाइफ’ या नावाने बांधून तयार केलेली इंजिनं, गिअरबॉक्स, क्लच जुन्याच्या बदल्यात देते. छोट्या खासगी गाडीच्या मालकाला मात्र ही वाट सहसा कुणी दाखवत नाही. त्याच्यापुढे एका हाताला नवी असेंब्ली आणि दुसऱ्या हाताला कुर्ला.

तर कुर्ला. सीएसटी रोडला कपाडिया नगरच्या बाजूने चालत गेलं की दोन्ही अंगांना गाड्यांचे अवयव मांडलेले दिसतात. दारं, बंपर, हेडलाइट, रेडिएटर, आणि फळीवर ओळीने जुने गिअरबॉक्स. एका बाजूला बीकेसीच्या काचेच्या इमारती आणि इथे जमिनीत मुरलेलं काळं तेल. याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात पद्मिनी बनायची. तिचं उत्पादन २००० सालच्या आसपास थांबलं, पण टॅक्सी म्हणून ती मुंबईत ऑक्टोबर २०२३पर्यंत टिकली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली होती आणि तिची वीस वर्षं भरली म्हणून ती उतरली. कारखाना बंद पडल्यावरची ती सगळी वर्षं त्या टॅक्सी कुणी चालत्या ठेवल्या? नवी असेंब्ली येण्याचा प्रश्नच नव्हता. खोलणाऱ्या हातांनीच ठेवल्या. मला या गोष्टीचा मनापासून अभिमान वाटतो, आणि मुंबईच्या इतिहासात तिची नोंद जेवढी व्हायला हवी तेवढी झालेली नाही असंही वाटतं.

आमचा मिस्त्री रत्नागिरीकडचा. काकांच्या एका जुन्या सहकाऱ्याने पत्ता दिला होता. दुकान म्हणजे गल्लीतला एक गाळा, आत लोखंडी बेंच, भिंतीला पुलर आणि सर्क्लिपचे पक्कड टांगलेले, कोपऱ्यात डिझेलची परात. मी आकडा विचारला.

"ताई, खोलल्याबिगर आकडा सांगीन तर तो खोटा आकडा असंल. उतरवतो, खोलतो, तुमच्यासमोर मांडतो. मग बोलू. खोलूनशान वाटलं की जुना दुसरा घालावा, तर तसं सांगीन. नुसत्या उतरवायच्या-खोलायच्या मजुरीची तयारी ठेवा."

हे ऐकूनच मी गाडी ठेवली.

बॉक्स खोलला त्या दिवशी मी तिथे स्टुलावर बसून होते. पहिली गोष्ट त्याने केली ती तेल मोजण्याची. ड्रेन प्लग सोडून तेल स्वच्छ डब्यात धरलं. जेवढं निघायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा निघालं नाही. प्लगच्या टोकाला चुंबक असतो; त्यावर राखाडी लेप होता आणि त्या लेपात बारीक टोकदार कण. लेप चालतो, म्हणाला, दात झिजतातच. कण चालत नाहीत, ते कुठून तरी तुटून आलेले असतात. मग त्याने डबा उन्हात तिरपा केला. तेलात सोनेरी चमक होती. ती चुंबकाला लागत नाही, कारण ती पितळ. लोखंड बेअरिंगमधून किंवा दातांतून येतं, पितळ सिंक्रो रिंगमधून. बॉक्सचं झाकण अजून उघडायचं होतं आणि दोन आजारांची नावं डब्यातच कळली होती.

सिंक्रो रिंगबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ती समजल्याशिवाय हे काम समजत नाही. मॅन्युअल बॉक्समधल्या पुढे जाण्याच्या गिअरांचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. गिअर टाकताना आपण दात जुळवत नाही. शाफ्टवर, म्हणजे बॉक्समधल्या फिरत्या दांड्यावर, मोकळा फिरणारा एक गिअर शाफ्टला कुलूपबंद करतो. दोघांचे वेग वेगळे असताना कुलूप लावायला गेलं की खर्र होतं. प्लॅटफॉर्मला लागत असलेली, पण अजून न थांबलेली लोकल पकडणारा माणूस आधी तिच्या बाजूने चार पावलं धावतो, वेग जुळला की मगच दांडीला हात घालतो. ती चार पावलं म्हणजे सिंक्रो रिंग. पितळेची ही कडी गिअरच्या शंकूवर घासते, दोघांचा वेग एक करते आणि तोवर कुलूप अडवून धरते. १९२८मध्ये कॅडिलॅकने ही सोय गाड्यांत आणली. त्याआधी, आणि जुन्या ट्रक-बसवर त्यानंतरही कितीतरी वर्षं, ड्रायव्हर डबल क्लच मारून हे काम पायाने करत. आमच्या तिसऱ्या गिअरची कडी शंकूवर इतकी खाली बसत होती की तिच्यात आणि गिअरमध्ये फट उरली नव्हती. मिस्त्रीने फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती घालून दाखवली: चौथ्याच्या कडीत पाती जात होती, तिसऱ्याच्या कडीत शिरतच नव्हती.

आणि ती गूं-गूं? इंजिनची फिरकी बॉक्समध्ये आणणाऱ्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबला की इंजिनची फिरकी शाफ्टपर्यंत पोचत नाही, म्हणून आवाज थांबतो. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर गेला असता आणि बॉक्स उघडण्याची गरजच पडली नसती. हा फरक ज्याला सांगता येतो त्याच्याकडे गाडी न्यावी. बेअरिंगच्या कडीवर खड्डे पडले होते, नखाला लागत होते.

इथवर सगळं झिजेचं झालं. पण तेल निम्म्यावर आलं कसं? पुढचा अर्धा तास मिस्त्रीने यातच घालवला, आणि माझ्या लेखी त्या दिवसाची खरी किंमत त्या अर्ध्या तासाची आहे. त्याने ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे बॉक्सची फिरकी चाकापर्यंत नेणारा दांडा, पुसून माझ्या हातात दिला आणि एका जागी नख फिरवायला सांगितलं. तिथे गोल खाच पडली होती. बरोबर त्याच जागी बॉक्सचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, शाफ्टवर टेकतं. खाचेतून तेल थेंब-थेंब जात राहिलं. खाली पडायचं तर प्लॅस्टिकच्या पत्र्यावर पसरायचं, आणि पावसाळ्यात पार्किंगची फरशी ओलीच असते. अशा बॉक्सला इंजिनसारखी तेल बघायची डिपस्टिक नसते. गाडी वर घेऊन फिलर प्लग उघडावा लागतो. बॉक्समध्ये पंप नाही, फिरणारे दातच तेल वर उडवतात. पातळी उतरली की वरच्या शाफ्टला आधी तहान लागते. म्हणून तेच बेअरिंग गेलं.

आता विचार करा. नवी असेंब्ली आली असती, नव्या सीलसकट. ड्राइव्हशाफ्ट असेंब्लीत येत नाही, तो जुनाच परत लागला असता. त्याच खाचेवर नवं सील बसलं असतं आणि नव्या बॉक्सचं तेलही त्याच वाटेने गेलं असतं. बॉक्सचा मृत्यू बॉक्सच्या बाहेर होता. एखादा चौकस माणूस नवा बॉक्स चढवतानाही शाफ्टवरून नख फिरवेल, हे खरं. पण कारण शोधण्याची गरज ज्याला वाटते तोच नख फिरवतो. असेंब्ली बदलणाऱ्याला ती गरज वाटावी अशी कामाची रचनाच नसते.

आम्ही बॉक्स बांधून घेतला. सगळी बेअरिंगं, तिसऱ्याची कडी आणि तिची स्लीव्ह, सगळी सीलं, एक ड्राइव्हशाफ्ट. क्लचप्लेटही त्याच वेळी, कारण बॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा कशाला द्यायची. सामान मी स्वतः आणलं, पक्क्या बिलाने. मिस्त्रीची अट होती की बेअरिंग नावाजलेल्या कंपनीचंच हवं आणि खोकं त्याच्यासमोर फोडायचं, कारण बाजारात नकली खोकी भरपूर. गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५पासून सरसकट १८ टक्के आहे, त्याआधी बहुतेक भागांवर २८ होता, तेवढाच दिलासा. सगळं मिळून खर्च नव्या असेंब्लीच्या निम्म्याहून कमी आला. तो दुप्पट आला असता तरी बांधून घ्यावा असं मात्र मी म्हणणार नाही. बांधणं हा धर्म नव्हे.

मिस्त्रीनेच मला सांगितलं की कुठे हात जोडायचे. केसिंगला, म्हणजे बॉक्सच्या बाहेरच्या कवचाला, तडा गेला असेल, किंवा बेअरिंग केसिंगमध्येच फिरून त्याची बैठक मोठी झाली असेल, तर त्यात नवं बेअरिंग घालून उपयोग नाही. केसिंग गेलं म्हणजे बॉक्स गेला. एखादा दात तुटून सगळ्या दातांमधून फिरला असेल तर सुट्या भागांची बेरीज नव्या बॉक्सवर जाते. आणि दिवसाच्या कमाईवर घर चालवणाऱ्या टॅक्सीवाल्याला पाच-सात दिवस गाडी उभी ठेवणं परवडत नाही. तो फळीवरचा जुना बॉक्स घालून दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येतो, आणि त्याचं बरोबर असतं.

जुना बॉक्स घेताना मात्र डोळे उघडे ठेवायचे. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नंबर नसतो. म्हणजे बॉक्स बदलला तर आरटीओत काही करावं लागत नाही; पण तो कुठल्या गाडीतून आला हेही कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून बिल हवंच. शाफ्ट हाताने फिरवून, वर-खाली हलवून बघायचा. आणि एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचे बॉक्स बाहेरून जवळचे दिसले तरी आतलं गिअरचं गुणोत्तर वेगळं असू शकतं. अंगावरचा कोड जुळवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

ऑटोमॅटिकची गोष्ट निराळी, आणि मुंबईत आता निम्मी ओळखीची माणसं ऑटोमॅटिक चालवतात. इथे आधी जात ओळखावी लागते. २०१४मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. ती मुळात मॅन्युअल बॉक्सच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं हे यंत्र करतं. ती बिघडली की पुष्कळदा दोष त्या यंत्रात, म्हणजे अॅक्चुएटरमध्ये किंवा त्याच्या पंपात असतो, बॉक्स ठणठणीत असतो. तिथे सबंध बॉक्स बदलायला सांगणाऱ्याला जरूर थांबवावं. टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनची फिरकी तेलातून पुढे देणारी खरी ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पुली-पट्ट्यावर चालणारा बॉक्स, यांत मात्र तेलच सगळं काम करतं: दाब देतं, थंड ठेवतं, क्लच पकडतं. ट्रॅफिकमध्ये तासन् तास रखडत ते तापतं, तापून निकामी होतं. ‘आयुष्यभर तेल बदलायला नको’ असं अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत सुचवलेलं असतं. पण झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला म्हणते. बनवणाऱ्यावर विश्वास ठेवावा. सीव्हीटीत पोलादी पट्टा पुलीवर ओरखडे काढू लागला की सुटे भाग मिळणं दुरापास्त होतं. तिथे असेंब्ली बदलणं हाच शहाणपणा असतो. आमच्या मिस्त्रीने स्पष्ट सांगितलं, "ताई, सीव्हीटी मी घेत नाय. माझ्याकडं त्याचा स्कॅनर नाय, आन् अंदाजाने काम मी करत नाय." आपल्या विद्येची हद्द एवढी स्वच्छ सांगणारा माणूस मला फार क्वचित भेटला आहे.

आणि पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ज्या गाड्या बुडाल्या, त्यांच्या मालकांना हे ठाऊक आहे. बॉक्सला श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते. तापलेला बॉक्स मिलन सबवेच्या किंवा हिंदमाताच्या पाण्यात एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि नळी पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसतं. मॅन्युअल असेल तर लगेच तेल काढून, धुऊन, नवं भरून बॉक्स बहुधा वाचतो. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर कागदी जातीचं असतं. पाणी ते आणि त्याचा गोंद दोन्ही सोडवतं. शिवाय साध्या विम्यात अशी इंजिन-गिअरबॉक्सची हानी बहुधा धरत नाहीत. त्यासाठी वेगळं इंजिन प्रोटेक्ट कव्हर घ्यावं लागतं, आणि त्यात गिअरबॉक्स धरला आहे का हे वाचून घ्यावं लागतं. मुंबईत राहणाऱ्याने ते घ्यावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आमची गाडी बांधून मिळाली तेव्हा मिस्त्रीने एक अट घातली: हजार किलोमीटर झाले की परत ये, पहिलं तेल काढून टाकू, नवे भाग एकमेकांत बसताना जे खरडतात ते त्यात येतं. मी गेले. तेल पुरेपूर निघालं, चुंबकावर नुसता मऊ लेप होता. ड्राइव्हशाफ्टच्या सीलपाशी मिस्त्रीने कोरडं फडकं फिरवून माझ्यापुढे धरलं. ते कोरडंच होतं. त्याच्याबरोबर एक पोरगा काम करतो, आयटीआयमधून मोटर मेकॅनिक झालेला. या वेळी फिलर प्लग त्यानेच उघडला आणि पातळी बोटाने तपासली. मिस्त्रीने त्याला तीच पातळी पुन्हा तपासायला लावली.

आता आमच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकांची ऑटोमॅटिक रिव्हर्सला टाकली की दोन सेकंद विचार करते आणि मग झटका देते. त्यांनाही असेंब्लीचाच आकडा मिळाला आहे, आणि तो पाहून ते गाडी विकायला निघाले आहेत. मी त्यांना एवढंच सांगितलं आहे की विकायच्या आधी तेलाचा नमुना काचेच्या बाटलीत काढून घ्या, त्याचा रंग आणि वास बघा, आणि स्कॅनरवर आलेले बिघाडाचे कोड कागदावर लिहून मागा. ऑटोमॅटिकचंच काम करणारा एक माणूस मिस्त्रीने सुचवला आहे, तो ठाण्याला आहे. शनिवारी बाटली आणि कागद घेऊन आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत.